डायपरच्या कडेवरून पेटंटची नोटीस: काय तपासायचं, काय लिहायचं

ताई, तुमचं प्रकरण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कुणालाही कळेल. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत तुमची शेड आहे. मोठ्या माणसांचे डायपर बनवता, माल नर्सिंग होमना आणि फार्मसींना जातो, थोडा ऑनलाइन विकला जातो. एका मोठ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. मांडीजवळची उभी पट्टी, कारखान्यात जिला आपण लेग कफ म्हणतो, ती त्यांच्या पेटंटचं उल्लंघन करते, आणि वरच्या थरावरची नक्षी त्यांच्या नोंदणीकृत डिझाइनसारखी आहे, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांत उत्पादन थांबवा, शिल्लक माल नष्ट करा, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या. तुम्ही विचारता, मशीन बंद करू का, पोलीस येतील का, आणि मशीनवाला म्हणतो त्याच्याकडे स्वतःचं पेटंट आहे तर मग भीती कसली?

पोलीस येणार नाहीत. पेटंटचं उल्लंघन हा आपल्याकडे दिवाणी मामला आहे. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटमध्ये फौजदारी कलमं आहेत, त्यावरून लोकांची गल्लत होते. मात्र कंपनी कोर्टात गेली आणि तुमची बाजू न ऐकता काही हुकूम मिळवला, तर कोर्टाने नेमलेला कमिशनर तुमच्या शेडमध्ये येऊन मालाची मोजदाद करू शकतो, नमुने सील करू शकतो. म्हणून या आठवड्यात करायचं पहिलं काम म्हणजे कॅव्हेट, म्हणजे 'आमची बाजू ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा कोर्टाकडे आधीच केलेला अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली ते लावता येतं आणि ९० दिवस चालतं. उत्तर गोव्याच्या जिल्हा न्यायालयात लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमचा माल ऑनलाइन दिल्लीत पोहोचत असेल तर दावा दिल्ली उच्च न्यायालयात येऊ शकतो, आणि मोठ्या कंपन्यांना तिथे जायला आवडतं. तिथेही कॅव्हेट हवं. दिल्लीत दावा पडला की वकिलाची फी, प्रवास, तारखा हे सगळं डिचोलीच्या शेडला झेपेल का, हा हिशेब कायद्याच्या बरोबरीनेच करावा लागतो.

मशीन बंद करायचं का? नुसत्या नोटिशीवरून नाही. पण एक गोष्ट आजपासून बदलली. पेटंट कायद्याच्या कलम १११ प्रमाणे, पेटंट आहे हे ज्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्यासारखं कारणही नव्हतं, त्याच्याकडून नुकसानभरपाई घेता येत नाही. ती ढाल नोटीस हातात पडली त्या दिवसापर्यंतच. त्यामुळे उत्पादन चालू ठेवलंत तर ते समजून उमजून ठेवा. आणि कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपला कफ त्यांच्यासारखाच आहे' असले मेसेज पडू देऊ नका. उद्या ते पुराव्यात येतात.

आता नोटिशीतल्या क्रमांकाकडे या. तो भारतीय पेटंटचा आहे का, हे आधी पाहा. पेटंट ज्या देशाचं त्याच देशापुरतं चालतं. नोटिशीत कधी अमेरिकी क्रमांक टाकलेला असतो, तर कधी नुसता अर्जाचा. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून हक्काचा हिशेब सुरू होतो हे खरं, पण पेटंट मंजूर झाल्याशिवाय दावा लावता येत नाही. गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण त्यासाठी अँटॉप हिल गाठायची गरज उरलेली नाही. पेटंट कार्यालयाच्या शोधयंत्रात क्रमांक टाकलात की अर्जाची तारीख, मंजूर दावे (कोर्टातले नव्हेत, शोधाची हद्द सांगणारी पेटंटमधली वाक्यं), नूतनीकरणाची फी भरली की नाही, सगळं घरबसल्या दिसतं. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, मंजुरीच्या तारखेपासून नव्हे. फी चुकली तर पेटंट त्याआधीच संपतं, मात्र १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करून मागता येतं, तेव्हा फी चुकलेली दिसली म्हणून लगेच पेढे वाटू नका. मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष झालेलं नसेल तर कलम २५(२) खाली थेट पेटंट कार्यालयात विरोध नोंदवता येतो. कोर्टापेक्षा हा रस्ता स्वस्त. फॉर्म २७ सुद्धा काढा. पेटंट भारतात वापरात आहे की नुसतं कपाटात ठेवलंय, ते त्यावरून कळतं. १९९६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कापडयंत्रांच्या एका दाव्यात भारतात न वापरलेल्या पेटंटवर अंतरिम मनाई नाकारली होती.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथेच बहुतेक जण घसरतात. त्यांचा डायपर आणि आपला डायपर टेबलावर शेजारी ठेवून 'सारखे दिसतात' किंवा 'अजिबात सारखे नाहीत' असं ठरवतात. कायद्यात ही तुलना चालत नाही. तुलना करायची ती पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांशी, आणि त्यातही पहिल्या स्वतंत्र, म्हणजे दुसऱ्या दाव्याचा आधार न घेणाऱ्या, दाव्याशी. समजा दावा असा आहे: 'मांडीच्या बाजूला एक उभी पट्टी, जिची वरची कड मोकळी आहे, त्या कडेत ताणून बसवलेले किमान दोन लवचिक धागे आहेत, आणि जी पुढच्या व मागच्या टोकाला आतल्या बाजूस दुमडून वरच्या थराला चिकटवली आहे.' यात चार तुकडे झाले. चारही तुमच्या मालात असतील तर उल्लंघन. तुमच्याकडे एकच धागा असेल, किंवा टोक बाहेरच्या बाजूला दुमडलेलं असेल, तर शब्दशः उल्लंघन नाही. मग ते म्हणतील की फरक नावापुरता आहे, सार तेच आहे. १९७७ मध्ये फिल्म पाहायच्या एका खेळण्यासारख्या उपकरणावरच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हाच साराचा निकष लावला होता, म्हणून क्षुल्लक फरकावर विसंबून राहू नका. तरीही एखाद्या तुकड्याचं काम तुमच्या मालात वेगळ्याच रीतीने होत असेल, तर ते ठामपणे मांडा.

हे तुकडे जुळतात की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, डायपर उघडावा लागतो. कात्रीने फाडाल तर गोंदाच्या रेषांचा सत्यानाश होतो. डायपर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने हॉट मेल्ट गोंद कडक होतो आणि थर बऱ्यापैकी अखंड सुटे होतात. मग काचेवर ताणून चारही कोपरे टेपने पक्के करा, बाजूला पट्टी ठेवून फोटो घ्या. कफची उंची ताणलेली आणि सैल अशी दोन्ही वेळा मोजा. लवचिक धागे मोजा. धागा कडेच्या टोकापासून किती मिलिमीटर आत आहे, गोंद सलग आहे की ठिपक्यांचा, टोकाची घडी आत आहे की बाहेर, हे सगळं लिहून ठेवा. मोठमोठ्या कायदेशीर मुद्द्यांनी सुरू झालेली प्रकरणं अखेर या घडीच्या दिशेवर येऊन थांबतात.

तुमचा माल दाव्यात बसला तरी खेळ संपत नाही. पेटंट मंजूर झालं म्हणजे ते वैध ठरलं असं आपला कायदा मानत नाही. कलम १३(४) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. कलम १०७ प्रमाणे कलम ६४ मधलं पेटंट रद्द करण्याचं प्रत्येक कारण बचाव म्हणून घेता येतं. आणि डायपरच्या बाबतीत या बचावाला भरपूर दारूगोळा आहे, कारण या वस्तूवर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं पेटंटांचा पाऊस पडतोय. मॅरियन डोनोव्हनच्या जलरोधक लंगोटाच्या आवरणाला अमेरिकी पेटंट मिळालं १९५१ मध्ये. पॅम्पर्सच्या मूळ रचनेचं डंकन आणि बेकर यांचं पेटंट १९६५ चं. पाणी शोषून जेलसारख्या होणाऱ्या पॉलिमरच्या वापराची पेटंटं १९७२ ची, तर मांडीशी इलास्टिक घालण्याचं केनेथ ब्युएलचं १९७५ चं. बाहेरच्या इलास्टिकच्या आत दुसरी उभी भिंत उभी करायची, म्हणजे आज प्रत्येक डायपरमध्ये दिसणारा दुहेरी कफ, त्याचं प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लॉसनचं पेटंट १९८७ चं. किंबर्ली-क्लार्कच्या एन्लोचं लवचिक बाजूंच्या खिशांचं पेटंटही त्याच वर्षीचं. ड्रॅगूचं दुहेरी कफचंच पेटंट १९८९ चं. ही सगळी कधीच संपली. त्यांत लिहिलेलं आता कुणीही बनवू शकतं.

ही पेटंटं अमेरिकी आहेत म्हणून बाजूला ठेवू नका. कलम ६४ मध्ये एक बारीक पण मोलाचा फरक आहे. आधीचा वापर दाखवायचा असेल तर तो भारतातला हवा, पण आधीचं छापील प्रकाशन जगातल्या कुठल्याही देशातलं चालतं. त्यामुळे ओहायोत लिहिलेलं १९८७ चं पेटंट पर्वरीच्या उच्च न्यायालयात, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, तुमच्या बाजूने उभं राहू शकतं. तुमचा कफ लॉसनच्या वर्णनाशी तंतोतंत जुळत असेल, तर समोरच्याची कोंडी होते. त्यांचा दावा तुमच्या मालाला लागू पडण्याइतका रुंद असेल तर तो जुन्या गोष्टीवरही लागू पडतो आणि रद्द व्हायला पात्र ठरतो. अरुंद असेल तर तुम्ही त्याच्या बाहेर. ब्रिटनमध्ये १९१३ पासून जिलेटच्या रेझरच्या खटल्यावरून हा युक्तिवाद ओळखला जातो, आणि लहान उत्पादकासाठी याहून सोपा बचाव माझ्या पाहण्यात नाही. शिवाय भारतात १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वनाथ प्रसाद निवाडा आहे. भांडी बनवायच्या यंत्रातली ती सुधारणा कारागिराच्या नेहमीच्या हातची ठरली आणि पेटंट टिकलं नाही. एखादा धागा वाढवणं, कड दोन मिलिमीटर सरकवणं याला शोध म्हणायचं का, हा प्रश्न तिथून उचलता येतो.

पण हे वाचून फार हुरळून जाऊ नका. हीच जुनी पेटंटं जिवंत होती तेव्हा त्यांनी लोकांना बुडवलंय. अमेरिकेत पॅरागॉन ट्रेड ब्रँड्स ही कंपनी दुकानांच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे स्वस्त डायपर बनवायची. थोड्या मोठ्या प्रमाणावर, पण धंदा तुमच्यासारखाच. लॉसन आणि ड्रॅगू या दोन पेटंटांवरून प्रॉक्टर अँड गॅम्बलने दावा केला. १९९७ च्या डिसेंबर अखेरीस डेलावेअरच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला, नुकसानभरपाई सुमारे १७.८ कोटी डॉलरच्या घरात, आणि १९९८ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. सगळा डायपर कुणाचाच नव्हता, वाद होता तो कफचा. मोठे आपसातही भांडले. लॉसनचा दुहेरी कफ आधीचा की किंबर्ली-क्लार्कच्या एन्लोचा, हा वाद १९९२ मध्ये अमेरिकी अपील कोर्टात गेला. शोध आपणच आधी लावला असं दाखवणारी तारीख मिळवण्यासाठी प्रॉक्टर अँड गॅम्बलने आपल्याच आणखी दोन संशोधकांना लॉसनचे सहसंशोधक म्हणून पुढे केलं. कोर्ट म्हणालं, ज्यांना एकमेकांच्या कामाची गंधवार्ताही नव्हती ते मिळून संशोधक कसे? आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याला मान, म्हणून ती कसरत इथे लागत नाही. पण चांगल्या लॅब-नोंदी नसतील तर बड्या कंपन्यांचीही कशी धावपळ होते ते दिसतं.

नोटिशीचं उत्तर कसं लिहावं याचा एक नमुना तुमच्याच मालाच्या खटल्यात आहे. स्वीडिश कंपनी एससीएने २००३ च्या ऑक्टोबरमध्ये फर्स्ट क्वालिटी या अमेरिकी कंपनीला पत्र पाठवलं, की मोठ्या माणसांच्या तुमच्या पँटसारख्या डायपरवर आमचं पेटंट लागू होतं. फर्स्ट क्वालिटीने महिन्याभरात उत्तर दिलं: वातानाबे यांचं आधीचं पेटंट पाहा, त्यात हीच रचना आहे, म्हणून तुमचं पेटंट अवैध. खुलासे नाहीत, माफी नाही, विक्रीचे आकडे नाहीत. एससीए गप्प झाली, पण पडद्यामागे तिने आपलं पेटंट अमेरिकी पेटंट कार्यालयात पुन्हा तपासून घेतलं आणि २००७ मध्ये ते वैध ठरवून घेतलं. दावा लावला तो २०१० च्या ऑगस्टमध्ये. खालच्या कोर्टांनी इतक्या उशिराबद्दल एससीएला घरी पाठवलं होतं. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं: कायद्याने सहा वर्षांची मुदत घालून दिली आहे, तिच्या आतल्या नुकसानीला नुसत्या विलंबाचा अडसर लागत नाही. आपल्याकडे भरपाईची मुदत तीन वर्षांची. वेळ लावला तर अंतरिम मनाई मिळणं त्यांना जड जातं, पण मूळ हक्क मरत नाही. तेव्हा तुमच्या उत्तरानंतर त्यांच्याकडून काहीच आलं नाही, तर 'मिटलं' असं समजून दुसरं मशीन कर्जावर आणू नका.

तुमचं उत्तर एका पानाचं असावं. कोणता दावा, त्यातला कोणता तुकडा आमच्या मालात नाही, किंवा कोणतं जुनं पेटंट तो आधीच सांगून जातं, एवढंच. विक्रीचा हिशेब देऊ नका, तो मागायचा अधिकार कोर्टाचा. 'आम्ही कुणाची नक्कल केलेली नाही' हे वाक्य लिहायचा मोह होईल. लिहा हवं तर, पण पेटंटमध्ये तो बचाव नाही. स्वतःच्या डोक्यातून काढलेली वस्तूसुद्धा दुसऱ्याच्या पेटंटमध्ये अडकते. धमकी पोकळ आहे अशी खात्री असेल तर कलम १०६ खाली तुम्हीच दावा लावू शकता आणि अशा धमक्यांवर मनाई मागू शकता. फक्त 'आमचं पेटंट आहे' एवढी माहिती देणं म्हणजे धमकी नव्हे. तुमची नोटीस मात्र माल नष्ट करा म्हणते, ती माहितीच्या पलीकडे जाते. तरीही लहान शेडने पहिला दावा स्वतः लावू नये, असंच माझं मत आहे. त्यांनी दावा केला की त्यातच पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा टाका. मग कलम १०४ प्रमाणे जिल्हा न्यायालयातलं प्रकरण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत पर्वरीला जातं. एक लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय की रद्द करण्याचे वेगवेगळे रस्ते एकाच वेळी धरता येत नाहीत. म्हणून पेटंट कार्यालयातला विरोध की कोर्टातला प्रतिदावा, हे आधी ठरवा.

नक्षीचा मुद्दा हलका आहे. डिझाइन कायदा २००० हा डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो, कामाला नाही. मुदत १० वर्षं, वाढवून आणखी ५. ओल खाली लवकर उतरावी म्हणून पाडलेल्या खाचा कामाच्या, फुलांची नक्षी दिखाव्याची. तुमच्या रोलरवरची नक्षी बदलायला फार खर्च येत नसेल तर ती बदला आणि हा मुद्दा मिटवून टाका. सरळ रक्कम वसूल करायची तर कायद्याने एका उल्लंघनामागे २५,००० आणि एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. पण मनाई आणि भरपाईचा वेगळा रस्ताही त्यांना मोकळा आहे.

मशीनवाल्याचं म्हणणं मात्र साफ चुकीचं. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, स्वतः बनवायचा परवाना नव्हे. त्याच्या घडी करण्याच्या यंत्रणेवर त्याचं पेटंट असेलही, पण त्या यंत्रातून बाहेर पडणारा डायपर तिसऱ्याच्याच दाव्यात बसू शकतो. माल तुमच्या नावाने निघतो, दावा तुमच्यावर येतो. मशीन चीनमधल्या च्वानचौहून आलेलं असो की अहमदाबादहून, खरेदीच्या कागदांत 'बौद्धिक संपदेचा दावा आल्यास पुरवठादार जबाबदार' असं कलम आहे का ते आज पाहा. नसेल तर निदान कफच्या घडीचं ड्रॉइंग आणि ते पहिल्यांदा कोणत्या साली विकलं त्याची बिलं मागून घ्या. हीच घडी त्यांच्या पेटंटच्या अग्रक्रमाच्या तारखेआधी (म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज झाला त्या तारखेआधी) भारतात विकलेल्या कुठल्या मालात असेल, तर ती बिलं आणि तो माल सोन्याच्या मोलाचे.

दाव्यातल्या घडीचा तुकडा तुमच्या मालाला खरंच लागू पडत असेल आणि ती उलटी करायला फक्त नवी प्लेट लागणार असेल, तर तुमची कायदेशीर बाजू भक्कम असली तरी प्लेट बदला, असं मी सांगेन. बदलण्याआधी जुन्या सेटिंगचे नमुने मात्र राखून ठेवा, प्रत्येक बॅचचे काही, पाकिटासकट. आपल्याकडे पावसाळ्यात ते असेच कपाटात टाकलेत तर पॉलिमर हवेतली ओल ओढून फुगतो, गुठळ्या होतात, इलास्टिकचा ताण जातो, आणि दोन वर्षांनी कोर्टापुढे ठेवलेला डायपर तुम्ही विकलेला डायपर राहत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, डब्यावर बॅच आणि तारीख लिहा, आणि सीलवर कारखान्याबाहेरच्या दोन माणसांची सही घ्या.